कानामागची खाच

आवडाबाईने मांडवाच्या दारात तोंड उघडलं की खाडीपल्याडच्या मिठागरातली माणसं हातातलं फावडं थांबवायची आणि एकमेकांना विचारायची, आज कोणाचं लगीन? थळच्या आतल्या अंगाला, खारजमिनीच्या कडेने आगऱ्यांची जी गावं आहेत, तिथे तिच्यावाचून अक्षता पडत नसत. भटजी उशिरा आला तरी चालेल, न आला तरी एक वेळ चालवून घेतील, पण धवलारीण हवीच.

धवलारीण म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर आत्ताच ऐकून घ्या, मागाहून विचारू नका. लग्नात मांडव घालण्यापासून पोरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं आपलं गाणं असतं, त्याला धवले म्हणतात. धवलारीण पुढे बसून ओळ देते. तिची जोडीदारीण मागे बसून ती ओळ उचलते, घोळवते आणि परत तिच्या हवाली करते. गाणं सरेल तसा विधी पुढे सरकतो. आवडाबाईच्या मागे बसायची गोदू. दोघी एका गावात जन्मल्या, एका गावात दिल्या गेल्या, एकाच म्हातारीच्या पायाशी बसून धवले शिकल्या आणि नवरेही दोघींचे मागेपुढेच गेले. एकीच्या घरात आमटीला फोडणी बसली की दुसरीला शिंक यायची, इतकं ते जवळचं.

तर या आवडाबाईचे कान गेले. एका दिवसात गेले नाहीत, हळूहळू गेले, आणि गेले हे तिने मात्र मुळीच कबूल केलं नाही. तिचं म्हणणं, हल्ली माणसं तोंडात सुपारी धरून बोलतात. कोंबडे आरवतच नाहीत, कारण त्यांना पूर्वीसारखं खायला मिळत नाही. सून राही हाका मारून मारून दमली की म्हातारी उलट तिलाच म्हणायची, बाय गो, तुझ्या अंगात काय रगतच न्हाय, आवाज कसा फुटत न्हाय तुझा!

घरात हे खपून गेलं. मांडवात कसं खपणार? धर्माजीच्या पोरीच्या हळदीला कोणी तरी काही तरी सांगितलं, आवडाबाईने मान डोलावली आणि सुरू केले ते थेट पाठवणीचे धवले. नवरी अंगाला हळद फासून पाटावर बसलेली, अजून नवऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही, आणि ही बाई गातेय की लेक चालली गो दूर देशा. नवरी हुंदके द्यायला लागली. तिची आई तर पाटाशेजारी आडवीच झाली. नवऱ्याकडची हळद घेऊन आलेला त्याचा मामा उठून उभा राहिला. आणि मग एकदम सगळा मांडव हसला. आवडाबाईला हसणं ऐकू आलं नाही, पण बायकांचे हलणारे खांदे दिसले, पदरात दाबलेली तोंडं दिसली.

त्या दिवसापासून प्रत्येक लग्नात तेच. ही पुढे बसून जीव तोडून गाते आणि समोरच्या बायका पदर तोंडात कोंबून लोटपोट होतात. आवडाबाई घरी येऊन भाकरीचा तुकडासुद्धा न मोडता भिंतीकडे तोंड करून पडायची. आपण चुकतोय, रोज चुकतोय, आणि कुठे चुकतोय तेही कळत नाही, याने तिचा जीव पोखरला होता. गोदूला विचारलं की गोदू हात हलवून सांगायची, काय न्हाय, काय न्हाय, झ्याक गायलीस.

गोवा मुक्त झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. गावच्या बाळाजी पाटलाच्या लेकीचं, काशीचं, लगीन वैशाखात ठरलं. नवरा पेणकडचा, घर तालेवार. बाळाजी पाटील स्वतः आवडाबाईच्या ओटीवर आला आणि म्हणाला की त्या वऱ्हाडासमोर माझं नाक कापलं जाता कामा नये. हळद नीट गायलीस तर लगीन तुझं. हळदीला घोटाळा केलास तर लग्नाला त्यांचीच धवलारीण त्यांच्याबरोबर येते आहे, तिला पुढे बसवीन, आणि मग यापुढे गावातल्या कोणत्याच मांडवात तू पुढे बसायचं नाहीस. हे तो इतक्या मोठ्याने ओरडून बोलला की आवडाबाईला प्रत्येक शब्द ऐकू आला, आणि तिच्याबरोबर सगळ्या आळीलाही.

आवडाबाई त्या रात्री पोराला, हिरामणला, पहिल्यांदा म्हणाली, "मना ऐकू येत न्हाय रं." एवढं बोलून ती रडली.

हिरामण मुंबईला गोदीत कामाला. गोदीतल्या ओळखीने त्याने थळच्या मोहम्मद खलाश्याला गाठलं. मोहम्मद परदेशी बोटीवर होता आणि कोणी काही आणायला सांगितलं की नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पुढच्या फेरीला त्याने हांबुर्ग बंदरातून कानात घालायचं मशीन आणून दिलं. एवढंसं, सोललेल्या काजूसारखं वाकडं. कानाच्या मागे अडकवायचं, त्यातून एक नळी कानात जाते, आणि जग ऐकू येतं. मोहम्मदने स्वतःच्या कानावर लावून दाखवलं, हिरामणने लावून पाहिलं, राहीनेही हौस भागवून घेतली. सगळ्यांच्या कानावर मशीन ऐटीत बसलं. ज्या एका कानासाठी ते सात समुद्र ओलांडून आलं होतं त्या कानावर मात्र ते बसेना.

कारण आवडाबाईचा कानच तसा. जन्मापासून तिच्या कानाची वरची पाळी डोक्याच्या कातडीला चिकटलेली, दोन्हीकडे तशीच. कानामागे बोट घालायला जागा नाही. लहानपणी तिला बुगडी घालता आली नाही म्हणून आई हळहळली होती, त्यापलीकडे या कानाने आजवर कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. आता बिघडवलं. मशीन लावलं की क्षणभर राहायचं, आवडाबाईला कोंबडा ऐकू यायचा, तिचा चेहरा उजळायचा, आणि ती मान वळवून "राही गो" म्हणायला गेली की मशीन टपकन खाली. एकदा ते तांदळाच्या सुपात पडलं. एकदा आमटीत पडता पडता राहीने वरच्या वर झेललं. दोऱ्याने बांधलं तर नळी वाकडी झाली आणि कानात नुसती शिट्टी वाजायला लागली.

मग आवडाबाईने आपली अक्कल चालवली. तुटलेला माठ, फुटलेली काठवट, जे काही चिकटवायचं ते या गावात फणसाच्या चिकाने चिकटवतात. तिने परसात जाऊन फणसाला चीर पाडली, चीक घेतला, तो डोक्याला चोपडला आणि वर मशीन दाबून बसली. चिकटलं! असं चिकटलं की संध्याकाळी झोपायच्या वेळी काढता येईना. राही खोबरेल घेऊन बसली, गोदू शेजारून रॉकेल घेऊन आली, आणि शेवटी मशीन निघालं ते मूठभर केसांसकट. त्या जागी म्हातारीला चांगला चट्टा पडला. हिरामणने कपाळावर हात मारला आणि आईला मुंबईच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर जरा हसऱ्या स्वभावाचा होता. त्याने कान उजेडात धरून पाहिला, चट्टा पाहिला, फणसाची हकिकत हिरामणकडून ऐकली आणि खुर्चीत मागे रेलून पोटभर हसून घेतलं. मग कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं. मशीन चांगलं आहे, म्हणाला, फक्त अडकवायला खुंटी नाही. कानाची वरची पाळी सोडवून मोकळी करायची, तिच्यामागे खाच करायची, म्हणजे मशीन तिथे घट्ट बसेल. आणि ती खाच पुन्हा भरून येऊ नये म्हणून आतून पातळ कातडं लावायचं.

कातडं कुठलं, हे आवडाबाईने विचारलं नसतं तर बरं झालं असतं. डॉक्टरने स्वतःच्या मांडीवर थाप मारून दाखवली.

आवडाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि हिरामणला म्हणाली, चल घरी. मांडीचं कातडं कानाला? उद्या गावात कळलं तर खाडीत जीव देण्यावाचून दुसरी वाट राहणार नाही. हिरामणने समजूत घातली, डॉक्टरने समजूत घातली, नर्सने घातली. म्हातारी ढिम्म. अखेर हिरामणने एकच केलं. बाळाजी पाटलाचं नाव मोठ्याने तिच्या कानात घेतलं. आवडाबाईने पदर मागे सारला आणि म्हणाली, कापा.

कान बधिर करून शस्त्रक्रिया झाली, बाई जागीच होती. डॉक्टर काय बोलतो ते ऐकू येत नाही आणि भीती तर वाटतेय, म्हणून तिने पडल्या पडल्या मांडव घालायचे धवले सुरू केले. नर्सने हिरामणला नंतर सांगितलं की टाके घालताना डॉक्टरचं डोकं सुद्धा तालावर हलत होतं. पट्टी सुटली, जखम भरली, आणि एक दिवस डॉक्टरने त्या नव्या खाचेत मशीन बसवून म्हातारीला सांगितलं, आता वाकून दाखवा. ती वाकली. डोकं हलवा. तिने अंगात आल्यासारखं डोकं हलवलं. मशीन जागचं हललं नाही.

परतताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. आवडाबाईने लाँचच्या कठड्यावरून वाकून वाकून खालचं पाणी पाहिलं, मशीन पडतं का ते बघायला. हिरामणचा जीव टांगणीला. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला की ही म्हातारी मशिनीसकट पाण्यात जाणार आणि मलाच उडी मारायला लावणार. म्हातारी न वळता म्हणाली, "तू कशाला उडी मारतोस, तुना पवता येत न्हाय." हिरामण आजतागायत आईसमोर पुटपुटलेला नाही.

रेवसला उतरेस्तोवर आवडाबाईच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. तिने हिरामणला दटावून सांगितलं की गावात सांगायचं, कान सोडवला खरा, पण मशीन पावसाळा सरल्यावर लावणार. केस कानावरून सैल घ्यायचे, वर पदर, कोणाला दिसतंय? मांडवात लोक नेमके कुठल्या चुकीला हसतात ते एकदा आपल्या कानांनी ऐकायचं, मग ती चूक कायमची सुधारायची, असा तिचा बेत. मशीन चालू आहे हे तिने गोदूलाही सांगितलं नाही, कारण गोदूच्या तोंडात तीळ भिजत नसे.

पण आवडाबाई जरा लंगडत होती. गोदूने लंगडणं पाहिलं, आणि एकदा खोदायला लागली की गोदू विहीर लागेपर्यंत थांबत नाही. कान मुंबईला कापला आणि पाय का लंगडतो? शेवटी आवडाबाईने दार लावून, तिला देवीची शपथ घालून, मांडीचं कातडं कुठे गेलं ते सांगितलं. गोदूने तोंडावर हात ठेवला, डोळे मोठे केले आणि शपथ घेतली की हे माझ्याबरोबर जळेल.

दिवस आला हळदीचा. बाळाजी पाटलाच्या दारात मांडव, माडाच्या झावळ्या, मध्ये पाटावर काशी. आवडाबाई पुढे बसली, गोदू मागे, समोर गावच्या बायका दाटीवाटीने. आवडाबाईने आवाज लावला. किती दिवसांनी आपलाच आवाज तिला नीट ऐकू येत होता, आणि तो तिला आवडला. तिने ओळ दिली:

"हलद आली गो मांडवाच्या दारी, नवरीचे अंगाला लावा."

मागून गोदूने ओळ उचलली:

"हलद आली गो पाटलाच्या दारी, पाटील लपला माल्यावरी, वऱ्हाडाला घाबरून गो, त्याला शिडी लावा."

बायका फिसकन हसल्या. आवडाबाईचा आवाज घशातच राहिला असता, पण इतक्या वर्षांची सवय, तो आपोआप पुढे गेला. तिला वाटलं मशीन काही तरी भलतंच ऐकवतंय. तिने दुसरी ओळ दिली, तेलाची. गोदूने तीही उचलली आणि त्यात पाटलिणीला, रंगूला, बुडवून काढलं. सगळं अगदी त्याच चालीत, त्याच भक्तिभावाने, मान खाली घालून. समोर बायकांचे खांदे गदगदा हलायला लागले, तेच खांदे, तीच पदरात कोंबलेली तोंडं. आवडाबाईने तिसरी ओळ दिली, आणि मागून आलं:

"धवलारीन आमची मुंबईला गेली, मांडीचं कातडं कानाला लावून आली. बसते तवा बहिरी गो, उठते तवा ऐकते."

मांडव कोसळायचा बाकी राहिला. पाटलीण खांबाला धरून हसत होती. खुद्द नवरी पाटावर दुमडली होती.

आवडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने हळद शेवटपर्यंत गायली, एकही ओळ इकडची तिकडे न करता गायली, उठली आणि लंगडत घरी गेली. म्हणजे इतके दिवस आपण चुकत नव्हतोच. आपण भिंतीकडे तोंड करून रडत होतो आणि ही सटवी आपल्या पाठीमागे बसून आपलाच तमाशा करत होती. आणि तिला आपण मांडी दाखवली!

सकाळी गोदू अंगणात बोंबील वाळत घालत होती. आवडाबाई तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "बसते तवा बहिरी, म्हंजे?"

गोदूच्या हातातला बोंबलांचा जुडगा मातीत पडला. ती वळली. आवडाबाईने पदर मागे सारला, केस वर केले आणि खाचेत बसलेलं मशीन दाखवलं. गोदूने ते पाहिलं आणि ती खाली बसून बोंबील वेचायला लागली.

मग आवडाबाईने तिचं काय केलं ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. गोदूचं माहेर, सासर, मेलेला नवरा, कोणालाही सोडलं नाही. शेवटी आवडाबाई दम घ्यायला थांबली तेव्हा गोदू म्हणाली, "धर्माजीच्या हलदीला तू पाठवनी गायलीस. आठवतं?"

आवडाबाईला आठवत नसेल तर कोणाला आठवेल!

"नवऱ्याचा मामा उठला. म्हनाला ही धवलारीन नको, दुसरी आना. तुला ऐकू येत नव्हतं, तू आपली गातेस. मना काय सुचंना गो. मी त्याच चालीत मामाच्या मिशीवर म्हटलं. लोक मिशीवर हसले. मामाबी हसला, खाली बसला." गोदूने मातीतला एक बोंबील उचलून पदराला पुसला. "तवापासून तू चुकलीस का मी काय तरी म्हनते. लोकांचं ध्यान माझ्याकडं."

"काल मी कुठं चुकले?"

गोदू खाली बघत म्हणाली, "काल न्हाय चुकलीस. पैल्यांदा तुझ्यासाठी म्हटलं, मग मना गोडी लागली."

आवडाबाईला राग यावा की काय यावं ते कळेना. राग होताच, पण त्याला आता बसायला जागा सापडेना. ती एवढंच म्हणाली की आज लग्नात सरळ गा, आणि मांडीचा शब्द पुन्हा काढलास तर तुझी जीभ त्या डॉक्टरकडे पाठवीन. गोदूने कान पकडले.

दुपारी पेणकडचं वऱ्हाड आलं. आता लपवायचं काय? आवडाबाई केस घट्ट मागे बांधून, मशीन सगळ्यांना दिसेल असं मिरवत मांडवात बसली. गावच्या बायकांनी ते पाहिलं, एकमेकींना कोपरं मारली आणि शहाण्या मुलींसारख्या हात जोडून बसल्या. आवडाबाईने ओळ दिली. गोदूने जशीच्या तशी परत केली. दुसरी दिली, तीही तशीच आली. धवले असे चोख की शिकवणारी म्हातारी असती तर तिने दोघींची अलाबला घेतली असती.

आणि मांडवाला जांभया यायला लागल्या. पोरं उठून मागच्या दारी गेली. वऱ्हाडातल्या बायका पानाचे डबे उघडून गप्पांना लागल्या. नवऱ्याची आई, चांगली भरदार बाई, पुढेच बसली होती. ती रंगूला म्हणाली की आम्ही तर ऐकलं होतं तुमच्याकडचे धवले म्हणजे पोट धरून हसावं लागतं. इथे तर कोणी वारल्यासारखं वाटतंय. आमच्या बायका आल्यात, त्यांना बसवू का पुढे? त्यांच्या बायका खाकरून घसा साफ करायला लागल्याही. बाळाजी पाटील दारातून आवडाबाईकडे बघत होता आणि त्याच्या बघण्यात ओटीवर काय ठरलं होतं ते सगळं होतं.

रंगू आवडाबाईच्या कानाशी आली आणि विनवणीच्या सुरात म्हणाली की काय गो हे, रोजच्यासारखं का न्हाय म्हनत?

आवडाबाईच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. इतक्या लग्नांना लोकांनी आपल्याला कशासाठी बोलावलं? आपण ओळ द्यायची आणि गोदूने तिचं वाटोळं करायचं, यासाठी. आणि आता ज्या कानाने आपली जागा राखायची, तोच कान आपल्याला मांडवातून उठवायला निघाला होता.

ती मागे झुकून गोदूला म्हणाली, "म्हन तुझं. काय म्हनायचं ते म्हन."

गोदूने मान हलवली. "न्हाय जमत. तू ऐकतेस म्हटल्यावर माझं तोंडच उघडत न्हाय गो."

तिचा चेहरा पाहून आवडाबाईला कळलं की ही नाटक करत नाही. समोर पेणच्या बायका सरसावून बसल्या होत्या. मग आवडाबाईने दोन-तीनदा कपाळाला आठ्या घातल्या. कानाला चापट मारली. मशीन कानावरून काढलं, हलवलं, फुंकलं, परत खाचेत बसवलं आणि बहिऱ्या माणसाच्या भसाड्या आवाजात गोदूला म्हणाली की मेलं, बंद पडलं, काय ऐकू येत न्हाय बघ.

गोदू काही दुधखुळी नव्हती. तिने शेजारचं पितळेचं मोठं ताट उचललं आणि आवडाबाईच्या पाठीमागे, बरोब्बर मशिनीच्या बाजूला, जमिनीवर आपटलं. पुढच्या रांगेतलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. आवडाबाईला वाटलं आपल्या कवटीला तडा गेला. डोळ्यांसमोर काजवे चमकले, दातावर दात बसले. पण तिने पापणी हलवली नाही. नवरीकडे प्रेमाने बघत बसली.

गोदूने सुटकेचा निःश्वास टाकला. आवडाबाईने ओळ दिली, वरमाईच्या स्वागताची. आणि गोदू सुटली. वरमाय मांडवात आली गो, मांडवाचा खांब का वाकला. वरमाईच्या नाकातली नथ केवढी, तिच्यातून व्याही बघतो. भरदार बाई आधी चपापली, मग तिच्या पोटातून असं हसू उसळलं की तिची पानाची चंची लवंडली. मागच्या दारची पोरं धावत परत आली. पेणच्या धवलारणी घसा साफ करायचं विसरून कान देऊन ऐकायला लागल्या. पाटलाचं माळ्यावर लपणं परत आलं, मांडीचं कातडंही परत आलं, शपथ घेऊनसुद्धा! आवडाबाई दगडासारखा चेहरा करून बसली होती आणि आतून तिला असं हसू फुटत होतं की बरगड्या दुखत होत्या. एवढे दिवस ज्या हसण्याला ती भ्यायली होती ते हे हसणं होतं, आणि ती एकटीच त्याला मुकली होती.

तिने पुढची ओळ दिली. मांडव अजून हसत होता, त्या गलक्यात गोदूने आवाज खाली आणला. तिची ही ओळ कोणाला नीट ऐकूही गेली नसेल.

"धवलारीन बहिरी गो, पन मांडव तिचा हाय. तिचे पाठीमागं बसाया पुन्याई लागली माय."

कोणी हसलं नाही, कारण कोणी ऐकलंच नाही. मशिनीने ऐकलं. वळून त्या सटवीला मिठी मारावी असं तिला फार वाटलं. पण वळली तर सगळं उघडं पडणार. आणि मिठी मारून रडणं हा तिच्या स्वभावाचा भागच नव्हता. तिने मान ताठ केली आणि मांडवाच्या टोकाला जाईल अशा आवाजात नवी ओळ दिली:

"मागं बसनारीचे तोंडाला कुलूप लावा गो, चावी माझे कानामागं ठेवा."

आता ओळ उचलायची ती गोदूने. ती उचलली गेली नाही. समोर बायकांनी एकदा आवडाबाईच्या कानाकडे पाहिलं, एकदा गोदूच्या वासलेल्या तोंडाकडे पाहिलं, त्यांच्या ध्यानात आलं, आणि सगळ्या मांडवाने मिळून ती ओळ उचलली. गावच्या बायकांनी उचलली, पेणच्या धवलारणींनी उचलली, भरदार वरमाईने टाळ्या पिटत उचलली. दारातला बाळाजी पाटील खांबाला टेकून डोळे पुसत होता. वरमाय रंगूला ओरडून सांगत होती की माझ्या धाकट्याच्या लग्नाला या दोघी पेणला हव्यात, दोघी!

त्या गोंगाटात गोदू पुढे सरकली. तिचं तोंड आवडाबाईच्या कानाला, त्या खाचेला, लागलं.

"आवडे, कवापासून ऐकतेस गो?"

"मना काय ऐकू येत न्हाय," आवडाबाई म्हणाली, आणि तिने पुढचा धवला उचलला.